संपत्ती, दारिद्र्य आणि मरण : सुरतेच्या जुन्या कबरींच्या निमित्ताने

महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक संस्था आपली जुनी दप्तरे बाहेर काढते. वर्गणी किती जमली, मदत किती जणांपर्यंत पोहोचली, शिल्लक काय राहिली, याचे आकडे सभासदांपुढे ठेवले जातात, आणि ते ठेवलेच पाहिजेत. परंतु या आकड्यांच्या मागे एक जुना प्रश्न उभा असतो. माणसाने मिळविलेले धन अखेर कोणाचे? ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचे त्या धनाशी नाते कोणते? आणि जो दिवस श्रीमंताला चुकत नाही व गरिबालाही चुकत नाही, त्या दिवसाकडे दोघांनी कसे पाहावे? प्रत्येक धर्माने आपापल्या परीने या प्रश्नांचा विचार केला आहे. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी ज्ञानेश्वरी आणि गाथा यांचे वाचन होत आलेले असल्यामुळे तिकडील उत्तरे त्यांना परिचित आहेत. ख्रिस्ती विचार मात्र आपल्याकडे पुष्कळदा ऐकीव माहितीवरच जोखला जातो. तो सोप्या रीतीने समजावून सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. या विचाराचे काही फार जुने पुरावे आपल्याच शहरात दगडांवर कोरलेले आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकजण कामधंद्याला जाता-येता त्यांच्या जवळून जात असतात.

कतारगाम दरवाजाजवळील घुमट

कतारगाम दरवाजाच्या परिसरात इंग्रज, डच आणि आर्मेनियन लोकांच्या जुन्या दफनभूमी आहेत. हल्ली त्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून, नव्या माणसाला त्या प्रथम पाहताना ख्रिस्ती कबरी म्हणून ओळखूही येत नाहीत. घुमट, कमानी, खांब आणि सज्जे पाहून एखाद्या नवाबाचा मकबराच असावा असे वाटते. इंग्रजांच्या दफनभूमीतील सर्वांत मोठी वास्तू ऑक्सेंडन बंधूंची. ख्रिस्तोफर ऑक्सेंडन १६५९ साली सुरतेस वारला व त्याच्यावर एक घुमट उभारला गेला. पुढे त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्सेंडन हा १६६९ च्या जुलैमध्ये येथेच निवर्तला, तेव्हा भावाच्या घुमटाला आत घेऊन त्यावर आणखी मोठी दुमजली वास्तू बांधण्यात आली. तिची उंची सुमारे ४० फूट आणि रुंदी सुमारे २५ फूट आहे. सर जॉर्ज हा सुरतेच्या इंग्रज वखारीचा अध्यक्ष, आणि मुंबई बेट कंपनीकडे आल्यावर कंपनीच्या वतीने त्या बेटाचा पहिला गव्हर्नर झालेला पुरुष होय.

डचांच्या दफनभूमीत हेंड्रिक व्हान रेडे याची अष्टकोनी कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथामुळे त्याचे नाव आजही घेतले जाते. डच कंपनीच्या नोकरांतील लाचलुचपत शोधून काढण्यासाठी १६८४ साली त्याची नेमणूक झाली होती. त्या कामावर कोचीनहून सुरतेकडे येत असताना १६९१ च्या डिसेंबरात तो जहाजावरच मरण पावला व सुरतेस त्याला मूठमाती मिळाली. दुहेरी घुमटाच्या या वास्तूवर एके काळी चित्रे होती, कुलचिन्हे होती आणि बायबलातील वचनेही होती. तिच्या नुसत्या दुरुस्तीपोटी डच कंपनीवर सहा हजार रुपयांचे बिल लागू झाले होते, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आढळते. लाचखोरी निपटण्यासाठी पाठविलेल्या माणसाच्या कबरीवर एवढा खर्च व्हावा, हे त्या काळाच्या रीतीला धरूनच होते. इंग्रज आणि डच या दोन व्यापारी कंपन्यांत जशी मालाची चढाओढ होती, तशीच ती कबरींच्या थाटाचीही होती, आणि त्या वेळच्या प्रवाशांनी ती लिहून ठेवली आहे.

त्या चढाओढीचे कारण समजण्यासारखे आहे. हे लोक तरुण वयात धन मिळविण्यासाठी सहा-सात महिन्यांचा समुद्रप्रवास करून येथे येत. वखारीचा पगार थोडा, पण खाजगी व्यापाराचा लाभ मोठा, म्हणून बहुतेकांची आशा त्या लाभावरच असे. पण परत जाणारे थोडे असत. मुंबईतील इंग्रजांमध्ये तर माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच पडली होती. ज्या धनासाठी देश सोडला ते बरोबर नेता येत नाही, आणि ज्यांच्यासाठी मिळविले ते हजारो कोस दूर, अशा अवस्थेत निदान दगडाने तरी आपली आठवण ठेवावी अशी इच्छा होणे स्वाभाविक होते. परंतु ही इच्छा म्हणजे ख्रिस्ती शिकवण नव्हे. किंबहुना त्या शिकवणीचे खरे बोलणे याच वास्तूतील एका लहानशा लेखात सापडते.

एका व्यापाऱ्याचा शेवटचा हिशेब

ख्रिस्तोफर ऑक्सेंडनच्या कबरीवरचा लॅटिन लेख मोठा विलक्षण आहे. सामान्यतः अशा लेखात कुलशील, पदव्या आणि पराक्रम यांची यादी असते. येथे मात्र लिहिणाऱ्याने वखारीतील खतावणीचीच भाषा वापरली आहे. त्याचा आशय असा की, हा मनुष्य सचोटीच्या व्यवहाराचा नमुना होता. आपल्या हिशेबात त्याला वर्षे मांडता आली नाहीत, दिवसच काय ते मांडता आले, कारण मृत्यूने त्याला अचानक हिशेबासाठी बोलावले. मग लेख वखारीच्या धन्यांनाच विचारतो की, यात तोटा किती आणि नफा किती? धन्यांचा नोकर गेला, सोबत्यांचा सोबती गेला, त्याचा स्वतःचा जीव गेला. परंतु जमेच्या बाजूला तो एवढे लिहू शकतो की, मरण हाच आपला लाभ.

हे शेवटचे शब्द लेख लिहिणाऱ्याचे स्वतःचे नव्हेत. संत पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला जे पत्र पाठविले, त्यातील विचार त्याने येथे घेतला आहे. तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण वरवर पाहता तो जीवनाचा कंटाळा आलेल्या माणसाचा वाटतो. पौल त्या वेळी तुरुंगात होता आणि त्याला देहदंड होण्याचा संभव होता. पत्रात तो म्हणतो की, मरण आले तर मी ख्रिस्ताजवळ जाईन, म्हणून तो माझा लाभच आहे. पण पुढे लगेच तो असेही लिहितो की, तुमच्यासाठी मी जिवंत राहणे अधिक गरजेचे आहे, म्हणून मी राहीन. म्हणजे मरणाची भीती गेल्यामुळे जगण्याचे मोल कमी झाले, असा त्याचा अर्थ नाही. भीती गेल्यामुळे उरलेले दिवस दुसऱ्याच्या कामी लावण्याची मोकळीक मिळाली, असा त्याचा अर्थ आहे.

धन ही ठेव

आता ख्रिस्ताने धनाविषयी काय सांगितले ते पाहू. त्याच्या शिकवणीत प्रार्थनेपेक्षाही पैशाच्या गोष्टी अधिक वेळा येतात की काय, असे शुभवर्तमाने वाचताना वाटते. धान्य उदंड पिकलेला एक शेतकरी जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचे बेत करतो आणि पुष्कळ वर्षे चैनीत राहू म्हणतो. त्याच रात्री त्याचे आयुष्य संपते. येशू त्याला लबाड म्हणत नाही, चोर म्हणत नाही. त्याने पीक स्वतःच्या शेतातच काढले होते. त्याला तो मूर्ख म्हणतो. कारण आपल्या हाती आलेले सगळे आपल्याच वापरासाठी आले, असा त्याने हिशेब केला आणि हिशेब मागणारा कोणी आहे हे तो विसरला.

दुसरी गोष्ट लूकाच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजार यांची. श्रीमंत रोज उंची वस्त्रे नेसून मेजवान्या झोडीत असे, आणि त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजार उष्ट्यासाठी पडून असे. दोघेही मरतात आणि मरणानंतर त्यांच्या स्थिती उलट होतात. या गोष्टीतील दोन बारकावे सहसा लक्षात घेतले जात नाहीत. पहिला असा की, श्रीमंताने लाजारला मारले नाही, हाकलून दिले नाही. त्याने त्याची दखलच घेतली नाही, आणि तेवढ्यावरच त्याच्याविरुद्ध निकाल लागतो. दुसरा बारकावा असा की, येशूच्या सर्व दाखल्यांत नाव असलेले पात्र हा लाजार एकटाच होय. श्रीमंताला नाव नाही, भिकाऱ्याला आहे. कतारगामच्या घुमटांवर याच्या उलट रीत आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

मग श्रीमंत असणे हेच पाप काय? तसेही नाही. जक्कय नावाचा जकातदार श्रीमंत होता व लोकांना नाडून श्रीमंत झाला होता. येशू त्याच्या घरी आपण होऊन उतरला. तेव्हा जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व ज्याला फसविले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. दान वेगळे आणि परतफेड वेगळी, असे त्याने केले. लुबाडलेला पैसा धर्मादाय म्हणून देता येत नाही, तो आधी ज्याचा त्याला परत करावा लागतो. आणि मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेने सर्वांहून अधिक दिले, असे येशू म्हणाला, कारण इतरांनी भरपुरातून दिले आणि तिने पोटाला चिमटा घेऊन दिले.

चौथ्या शतकात कैसरियाचा धर्माध्यक्ष संत बासिल याने या शिकवणीचा पुढचा अर्थ मोठ्या धीटपणे सांगितला. त्याच्या प्रांतात दुष्काळ पडला होता आणि व्यापारी भाव चढण्याची वाट पाहत धान्य दाबून बसले होते. बासिलने कोठारवाल्या शेतकऱ्याच्या दाखल्यावर प्रवचन करून त्यांना बजावले की, तुमच्या घरात जादा पडून असलेले धान्य भुकेल्याचे आहे आणि पेटीत कुजणारे वस्त्र उघड्याचे आहे. ते न देणे हा कंजूषपणा नसून दुसऱ्याच्या वस्तूचा अपहार आहे. एवढे बोलूनच तो थांबला नाही. त्याने कोठारे उघडविली, आणि शहराबाहेर रोगी, प्रवासी व निराधार यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. धन ही मालकी नसून ठेव आहे, हा ख्रिस्ती विचाराचा गाभा होय. आपल्या भाषेत ‘विश्वस्त’ हा शब्द याच अर्थाचा आहे. विश्वस्ताच्या हाती किल्ली असते, पण पेटीतील माल त्याचा नसतो.

लुटीत वाचलेली दोन घरे

सुरतेच्या इतिहासातील एक प्रसंग या विचाराला फार जवळचा आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. मोगल सुभेदार किल्ल्यात दडून बसला आणि शहर मोकळे पडले. त्या काळी जगातील धनाढ्य व्यापाऱ्यांत ज्याची गणना होई आणि ज्याच्याकडून इंग्रज कंपनीही कर्ज घेई, त्या वीरजी वोराची हवेली लुटली गेली. हाजी सय्यद बेगची वखारही लुटली गेली. ज्यांच्याजवळ तोफा-बंदुका होत्या त्या इंग्रज व डच वखारींनी आपला बचाव केला. इंग्रजांच्या बाजूचा पुढारी हाच तो सर जॉर्ज ऑक्सेंडन, ज्याचा घुमट आपण वर पाहिला.

परंतु शस्त्र नसताना वाचलेली दोन घरे होती. फ्रेंच वैद्य बर्नियर त्या वर्षांत हिंदुस्थानात होता. त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात लिहिले आहे की, महाराजांनी कापुचिन संप्रदायाचा पाद्री फादर अँब्रोझ याच्या निवासाला हात लावू दिला नाही, कारण हे पाद्री भले लोक आहेत असे त्यांचे मत होते. आणि डचांच्या एका दलालाचे घरही त्यांनी सोडले. तो दलाल ख्रिस्ती नव्हता व तोपर्यंत हयातही नव्हता. पण जिवंत असताना तो मोठा दानशूर होता, अशी खात्री पटल्यामुळे त्याच्या मागे त्याचे घर सुरक्षित राहिले. बर्नियरने त्याचे नाव दिलेले नाही.

एक घर ज्याने काही ठेवायचेच नाही असे व्रत घेतले त्याचे, आणि दुसरे ज्याने मिळविले व दिले त्याचे. धनाशी वागण्याचे ख्रिस्ती परंपरेने मान्य केलेले दोन्ही मार्ग त्या चार दिवसांत सुरतेत शेजारी-शेजारी उभे होते, आणि ते एका मराठी राजाने ओळखले. त्यातला दुसरा मार्ग चालणारा मनुष्य परधर्मीय होता, यावरून हा विचार कोणा एका धर्माच्या मालकीचा नाही हेही दिसते.

पहिल्या मार्गाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कापुचिन ही संत फ्रान्सिसच्या परंपरेतील शाखा असून ती १५२८ साली वेगळी झाली. इटलीतील असिसी गावचा फ्रान्सिस हा एका कापडव्यापाऱ्याचा मुलगा. तलम कापड, नफा आणि पेढी यांचा वारसा त्याच्यापुढे तयार होता. आपल्या सुरतेतील पुष्कळ मुलांप्रमाणे तोही ताग्यांच्या राशींतच वाढला असला पाहिजे. बापाचे कापड विकून त्याने पैसा देवळाच्या दुरुस्तीला दिला, तेव्हा बापाने त्याला धर्माध्यक्षापुढे उभे केले. फ्रान्सिसने पैसे तर परत केलेच, पण अंगावरचे कपडेही उतरवून बापापुढे ठेवले. पुढचे सारे आयुष्य त्याने महारोग्यांची सेवा करण्यात आणि भिक्षेवर काढले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी तो वारला. अंतकाळी त्याने आपल्याला उघड्या जमिनीवर ठेवावयास सांगितले, आणि आपल्या स्तोत्रात सूर्याला भाऊ म्हणणाऱ्या या संताने मृत्यूला बहीण म्हटले. ज्याने आधीच सर्व सोडून दिले होते, त्याच्याजवळून मृत्यूला हिरावून नेण्यासारखे काही उरले नव्हते.

स्वीकारलेले दारिद्र्य आणि लादलेले दारिद्र्य

येथे एक मोठी गल्लत होण्याचा संभव आहे. दारिद्र्य जर संतांना प्रिय, तर गरिबांनी आपल्या दारिद्र्यातच समाधान मानावे, असे कोणी म्हणेल. असे म्हणणारे ख्रिस्ती लोकही होऊन गेले आहेत. पण स्वतः घेतलेले व्रत आणि दुसऱ्यावर आलेली उपासमार या दोन गोष्टी एका नावाने ओळखल्या गेल्या तरी त्या एक नव्हेत.

१६३० साली गुजरात आणि दख्खन यांवर जो भयंकर दुष्काळ पडला, त्याची आठवण या संदर्भात ठेवावी. पीटर मंडी हा इंग्रज त्या वर्षी सुरतेहून नवापूर-नंदुरबारच्या वाटेने बऱ्हाणपूरला गेला. वाटेवर आणि गावांत पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन आजही वाचवत नाही. आज उधना, लिंबायत आणि दिंडोली येथे राहणारी आपली खानदेशी कुटुंबे सुरतेस आली ती बहुतांशी याच वाटेने. त्याच दुष्काळात देहूला तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे तुकोबांनी घरच्या सावकारीची खते काढून भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. तुकोबांनी आपले दारिद्र्य स्वीकारले, पण ते करताना ऋणकोंचे दारिद्र्य हलके केले, ही गोष्ट विसरता येत नाही. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्यातील एक धागा हा असावा असे आम्हांस वाटते. टिळकांनीही १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, आणि दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. हातात आलेले दुसऱ्याला देऊन टाकण्याच्या त्यांच्या सवयीने संसाराची कशी ओढाताण होई, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त सर्वांनी वाचलेच आहे. एकाचे व्रत घरातल्या दुसऱ्यावर लादले जाऊ शकते, याचीही जाणीव ते पुस्तक करून देते.

लादलेल्या दारिद्र्याचा अनुभव पंडिता रमाबाईंइतका थोड्यांना आला असेल. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मागाहून थोरली बहीण उपासमारीने गेली. उरलेली भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी भटकत राहिली. १८८३ साली इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले. पुढे दुष्काळ पडले तेव्हा त्या घरी बसून प्रार्थना करीत राहिल्या नाहीत. १८९६-९७ मध्ये त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो मुली व विधवा आणल्या. १९०० साली, ज्याला गुजरातेत संवत १९५६ वरून ‘छप्पनियो’ म्हणतात त्या दुष्काळात, गुजरातेतूनही मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या वेळी हजाराहून अधिक स्त्रिया व मुली होत्या. त्यांना नुसते अन्न देऊन रमाबाई थांबल्या नाहीत, तर लिहिणे-वाचणे, शेती, विणकाम आणि छापखान्याचे काम शिकविले. स्वतः मात्र त्या साध्या पांढऱ्या वस्त्रांत, आश्रमातल्या इतर बायकांसारख्याच राहिल्या. दारिद्र्याचा कडेलोट ज्यांनी पाहिला, त्यांनी स्वतः साधे राहणे पसंत केले आणि दुसऱ्याचे दारिद्र्य मात्र क्षणभरही पवित्र मानले नाही.

मरणाविषयीही त्यांचे वागणे असेच होते. आई, वडील, बहीण, भाऊ, पती असे एकामागून एक गेले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमाही गेली. आश्रमाची पुढची सारी आशा तिच्यावर होती. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत, पण तेवढ्या दिवसांत आपले मराठी बायबलाचे भाषांतर त्या तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला.

मरणाचा स्वीकार म्हणजे काय नव्हे

मरणाचा स्वीकार हा शब्दही असाच जपून वापरावा लागतो. १५२७ साली जर्मनीतील विटेनबर्ग शहरात प्लेग आला. मार्टिन ल्यूथर तेथून हलला नाही, आणि पत्नी गरोदर असतानाही त्याच्या घराचे इस्पितळ झाले. दुसऱ्या गावच्या पाद्र्यांनी त्याला विचारले की, ख्रिस्ती माणसाने प्लेगपासून पळून जावे काय? त्याने दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही त्याने जावे, जीव वाचविणे हे पाप नाही. पण पाद्री, अधिकारी, वैद्य, रोग्याचा नोकर किंवा शेजारी यांनी आपल्या जागी दुसरा माणूस दिल्याशिवाय जाऊ नये. त्याचबरोबर, देव राखील तर राखील असे म्हणून जो औषध घेत नाही, धुरी देत नाही आणि रोगट जागा टाळीत नाही, तो श्रद्धाळू नसून देवाची परीक्षा पाहणारा आहे. कारण त्याच्या बेफिकिरीने रोग दुसऱ्याला जडतो.

सुरतेतील वडीलधाऱ्यांना हे वाचताना सप्टेंबर १९९४ आठवल्यावाचून राहणार नाही. कतारगामजवळच्या वेड रोड भागातून प्लेगची बातमी पसरली आणि थोड्या दिवसांत लाखो माणसे गाड्या-बसगाड्या भरभरून शहराबाहेर गेली. त्यांत गावाकडे परतणारे आपले कितीतरी मराठी कामगार होते. जे गेले त्यांना दोष देता येत नाही. पण दवाखाने बंद करून गेलेले डॉक्टरही त्यांत होते, आणि ल्यूथरचा प्रश्न नेमका त्यांच्याविषयी होता. सरकारी इस्पितळातील डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार आपापल्या जागी राहिले व त्यांनी औषधे पोहोचविली. पुराचे पाणी ओसरल्यावर तुंबलेली घाण कोणी वेळेवर काढली नव्हती, आणि तिची झळ प्रथम झोपडपट्टीला लागली. पुढे १९९५ पासून नवे आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत गटारे व रस्ते साफ झाले, तेव्हा हे मरण नशिबाचे नव्हते हे सर्वांच्या लक्षात आले.

यावरून ख्रिस्ती विचाराचा जो नियम हाती लागतो तो आम्हांस या लेखात मुख्यत्वे सांगावयाचा आहे. मरणाचा स्वीकार आणि दारिद्र्याचा स्वीकार या दोन्ही गोष्टी माणसाने स्वतःपुरत्या करावयाच्या आहेत. आपल्या वाट्याचे मरण शांतपणे घ्यावे, आपल्या गरजा कमी कराव्यात. पण शेजाऱ्याचे टाळता येण्यासारखे मरण आणि शेजाऱ्याची उपासमार यांचा स्वीकार करण्याचा अधिकार आपल्याला नाही. येशू लाजारच्या कबरीपाशी उभा राहून रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. हा लाजार दाखल्यातला नव्हे, त्याचा मित्र. ज्याचा पुनरुत्थानावर विश्वास होता तोही मित्राच्या मरणाने रडला, आणि त्या अश्रूंना परंपरेने कधी अश्रद्धा म्हटले नाही.

विश्वस्तांचा हिशेब

राहिला प्रश्न व्यवहाराचा. इंग्लंडातील धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने १७६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनात तीन गोष्टी सांगितल्या : सचोटीने जितके मिळविता येईल तितके मिळवा, जितके वाचविता येईल तितके वाचवा, आणि जितके देता येईल तितके द्या. तिसरी गोष्ट न केल्यास पहिल्या दोहोंचे पुण्य नाही. ऑक्सफर्ड येथील एका तरुणाचा हिशेब त्याने लिहून ठेवला आहे, आणि तो तरुण स्वतः वेस्लीच असे समजले जाते. पहिल्या वर्षी त्याचे उत्पन्न ३० पौंड होते. २८ पौंडांत भागवून त्याने दोन दिले. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले, तेव्हाही २८ मध्येच भागवून ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले आणि ६२ दिले. उत्पन्न वाढले, पण गरज वाढली नाही. आपल्याकडे पगार किंवा धंदा वाढला की गरजा आपोआप वाढतात आणि वर्गणी मात्र जुन्याच आकड्यावर राहते, हे कोणत्याही संस्थेच्या कोषाध्यक्षाला विचारावे.

आपल्यासारख्या न्यासापुढे याच विचाराने काही प्रश्न उभे राहतात. एखाद्या कुटुंबातील कर्ता माणूस गेला तर त्याच्या अंत्यविधीसाठी आपण तत्परतेने पैसे देतो. ते दिलेच पाहिजेत, कारण मेलेल्याचा मान राखणे हे जुन्या काळापासूनच्या दयेच्या कामांपैकी एक मानले गेले आहे. परंतु तोच माणूस आजारी असताना त्याच्या औषधासाठी, किंवा तो गेल्यावर त्याच्या मुलीच्या दहावी-बारावीसाठी आपल्या वहीत किती रक्कम आहे, हेही त्याच बैठकीत पाहिले जावे. देणगीदारांची नावे संगमरवरावर लिहिण्यास हरकत नाही, कृतज्ञता ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच वेळी ज्यांना मदत दिली त्यांची नावे विश्वस्तांना तोंडपाठ असावीत, ती फलकावर लावू नयेत. आणि ज्या सभासदाने वर्षाला थोडेच दिले पण पोटातले काढून दिले, त्याच्या वर्गणीची पावती देताना हात जरा जपून चालावा.

सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन कतारगाम दरवाजाची ती दफनभूमी अवश्य पाहावी. मोठा घुमट सर जॉर्जचा. मुलांना तोच आधी आवडेल आणि त्यात काही वावगे नाही. ख्रिस्तोफरचा लेख लॅटिनमध्ये असल्यामुळे कोणाला वाचता येणार नाही, पण त्यात काय लिहिले आहे ते आता आपल्याला सांगता येईल. वखारीत हिशेब लिहिणारा एक मनुष्य तेथे आहे, त्याचा हिशेब पुरा व्हायच्या आत त्याला बोलावणे आले, आणि सोबत्यांनी त्याच्याविषयी सर्वांत आधी नोंदविले ते एवढेच की, त्याचा व्यवहार सचोटीचा होता.